गुणांवरून शिक्षक जोखता येतो का?

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. शाळांना शिक्षकांचं मूल्यमापन करून देणारा व्यवसाय सुरू करायचा विचार आहे. मुलांच्या गुणांवरून प्रत्येक शिक्षकाचा क्रमांक लावणारं ॲप काढलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ॲप खपेलही, पण ते काढू नका. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने गुणांवरून केलेली हजारो शिक्षकांची प्रतवारी नावांसह प्रसिद्ध केली आणि मोठं वादळ उठलं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने स्पष्ट केलं, की मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला शिक्षकाचा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच भरतो. आपल्याकडे तर वर्गातली बरीच मुलं शिकवणीला जातात. मग ते गुण नेमके कुणाचे धरायचे?

शाळांना खरी गरज आहे ती वर्गात बसून नीट पाहणाऱ्या माणसाची. आज मुख्याध्यापक अधूनमधून तास पाहतात, लॉगबुकात ‘अध्यापन प्रभावी, फलकलेखन चांगले’ असा शेरा मारतात, वर्षअखेरीला गोपनीय अहवाल भरतात. उद्याच्या तासाला काय बदलायचं, हे शिक्षकाला त्यातून कळत नाही.

अपूर्णांकांचा तास घ्या. बाई विचारतात, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मुलगा म्हणतो, एक चतुर्थांश, कारण तीनपेक्षा चार मोठे. बाई ‘चूक, बस खाली’ म्हणून पुढे गेल्या, की त्याला फळ्यावर दोन सारख्या भाकऱ्या काढून वाटण्या करायला लावल्या? निरीक्षकाने हे टिपायला हवं. प्रश्न विचारून बाई किती वेळ थांबल्या, तेही. मेरी बड रो यांच्या संशोधनात शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबताना दिसले. तीन सेकंद थांबले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली. अशी नोंद हाती पडली तर बाई दुसऱ्याच दिवशी थांबून पाहतील.

तुमचा व्यवसाय इथे आहे. निवृत्त शिक्षक निवडा, एकच चित्रित तास सगळ्यांना दाखवा आणि त्यांच्या नोंदी जुळेपर्यंत सराव घ्या. प्रत्येक शिक्षकाचे तास किमान दोघांनी पाहावेत. गेट्स फाउंडेशनच्या सुमारे ३००० शिक्षकांवरच्या अभ्यासात अशी निरीक्षणं जास्त भरवशाची ठरली. मुलांचं मत घ्याच, पण बिननावाच्या कागदावर. १८ वर्षांखालच्यांची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात वापरायला २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात पालकांच्या, पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे.

अहवाल आधी शिक्षकाच्या हातात द्या. वेतनवाढ किंवा नोकरी त्यावर ठरणार नाही, हे शाळेशी करार करतानाच लिहून घ्या. नाहीतर निरीक्षक आला की ठेवणीतला पाठ सुरू होईल. संस्थाचालकांकडे जाण्याआधी एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीत बसा आणि कोणती मदत हवी आहे, ते शिक्षकांनाच विचारा.