मंत्रचळ आणि घरच्यांची मदत
मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असलेल्या माणसाला घरचे मायेपोटी जी मदत करतात, तीच पुष्कळदा या आजाराला खतपाणी घालते. ‘गॅस बंद आहे ना?’ याला दहाव्यांदा ‘हो’ म्हणायचं, त्याच्याऐवजी कुलूप आपणच ओढून पाहायचं, तो म्हणतो म्हणून बाहेरून आल्याबरोबर सगळ्यांनी अंघोळ करायची. अशाने रुग्णाचा जीव तेवढ्यापुरता शांत होतो, हे खरं. पण आजार पोसला जातो तो या तात्पुरत्या शांततेवरच. हात धुतल्यावर किंवा कुणी खात्री दिल्यावर भीती उतरली, की मेंदू शिकतो: यामुळेच संकट टळलं. पुढची शंका अधिक जोराने येते. दिवसाचा तासाहून अधिक वेळ या शंका आणि कृतींत जाऊ लागला, किंवा नोकरी, अभ्यास, नाती विस्कटू लागली, की ती नुसती सवय उरत नाही. काहींच्या बाबतीत तर बाहेरून काहीच दिसत नाही. पोटच्या बाळाला आपल्या हातून इजा होईल, असे विचार छळतात. ते स्वभावाच्या अगदी उलट असतात म्हणूनच छळतात, आणि लाजेपायी वर्षानुवर्षं लपवले जातात.

सोवळं-ओवळंही मग आजारच का, असं कुणी विचारेल. नाही. सोवळं पाळणारा पूजा आटोपली की कामाला लागतो. मंत्रचळात मात्र ‘झालं’ असं वाटतच नाही. दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे: माणूस तळमळत असताना त्याला खात्री न देता गप्प बसणं क्रूरपणा नाही का? नाही, उलट सुधारणेची वाट तिथूनच जाते. 1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि धुण्या-तपासण्यापासून रोखलं, दोघेही सुधारले. आजची मुख्य मानसोपचारपद्धती त्यातूनच वाढली. मात्र मदत एका दिवसात तोडू नका. तज्ज्ञाच्या सल्ल्याने, रुग्णाशी आधी बोलून, सोप्या भीतीपासून सुरुवात करा. ‘तुला भीती वाटतेय, दिसतंय मला. पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. मी इथेच बसते,’ एवढं म्हणता येतं. रागावू नका, ‘मन घट्ट कर’ म्हणू नका. ते त्याने हजारदा करून पाहिलेलं असतं.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीनसारखी औषधंही उपयोगी पडतात, पण नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत, आणि गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडू नका. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे; तिथे घरच्यांनाही बोलता येतं.