खातं तिचं, मशीन परक्याचं

२०२२ च्या उन्हाळ्यात उमरेडच्या एका कॉलेजात एका विद्यार्थिनीवर आळ आला. लॅबच्या सर्व्हरवर कोणीतरी गुपचूप मोनेरो नावाचं आभासी चलन काढत होतं, आणि सगळ्याची सुरुवात तिच्या खात्यातून झाल्याचं दिसत होतं. स्टाफरूमने निकाल लावून टाकला होता: पोरगी हुशार आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, तिनेच केलं असणार. तिचं वर्ष वाया जायची वेळ आली होती. तिचा यात काडीचाही संबंध नव्हता, आणि तसं दाखवणारा पुरावा त्याच मशीनमध्ये पडून होता. तो कुठे शोधायचा, एवढंच तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

उमरेड, कुही, भिवापूर या भागातले कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. शाळा-कॉलेजं, पतसंस्था, मिरचीचे व्यापारी, सगळीकडे जाणं होतं. त्या कॉलेजातून लॅब असिस्टंट काकांचा फोन आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी. "भाऊ, पोरं सुट्टीवर गेली, मशीनवर कोणी बसलं नाही, तरी पंखा बोंबलून राहिला." मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. बंद खोलीत मशीन तापणं नवलाचं नाही. पण जाऊन पाहिलं तर प्रोसेसरचे सगळेच्या सगळे कोअर शंभर टक्के कामाला जुंपलेले.

चालू प्रोसेसची यादी काढली. सगळ्यात वर ‘केस्वॅपडी०’. या नावाचा कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, स्वतःचा एक कामगार असतो, मेमरीची आवराआवर करणारा. नवखा माणूस ते नाव बघून पुढे सरकतो, आणि नाव ठेवलेलं असतं ते त्यासाठीच. पण कर्नलचे खरे कामगार ‘पीएस’ या कमांडच्या यादीत चौकोनी कंसात दिसतात आणि त्यांच्यामागे डिस्कवरची कुठलीही फाइल नसते. याला कंस नव्हते. हा एका लपवलेल्या फोल्डरमधल्या फाइलवरून चालत होता. आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी.

त्या मुलीचं खातं साधं विद्यार्थ्याचं. तिला सूडोचा, म्हणजे रूट म्हणून कमांड चालवायचा, अधिकार नाही, सिस्टिमच्या फाइलींत एक अक्षर लिहिता येत नाही. मग तिच्या खात्यातून शिरलेला माणूस रूट झाला कसा? संस्थाचालकांना मी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणावर बोट दाखवणं हा अन्याय होता.

आधी तो शिरला कसा, ते सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बीसीसीए या पदवीच्या मुलांना घरून सी आणि डेटाबेसचा सराव करता यावा म्हणून राउटरवर एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करायची, वाट बाहेरच्यांसाठी मोकळी केली होती. हेतू चांगला होता. प्रत्येकाला खातं दिलं, पासवर्ड म्हणून रोल नंबर. वर्ग पुन्हा भरायला लागले तरी ती वाट तशीच उघडी राहिली. लॉगिनच्या लॉगमध्ये परदेशी पत्त्यांवरून मध्यरात्री एकामागून एक नावं आणि पासवर्ड लावून पाहिल्याच्या नोंदी ओळीने सापडल्या. हे काम माणूस करत नाही, प्रोग्रॅम करतो, रात्रंदिवस. अशाच एका रात्री त्या मुलीच्या खात्यावर ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ अशी ओळ उमटली होती. पत्ता भारताबाहेरचा. त्यानंतर काही मिनिटांतच टेम्प फोल्डरमध्ये ‘एसएच’ नावाची एक छोटी फाइल आलेली. तिचा मालक रूट, आणि परवानग्यांमध्ये ‘एस’ हे अक्षर. म्हणजे कोणीही चालवली तरी ती रूटच्या अधिकारात चालणार.

मुलगी वडिलांना घेऊन भेटायला आली होती. "सर, मी तं प्रॅक्टिकल झाल्यापासून लॅबमध्ये आलीच नाही. घरी कॉम्प्युटर नाही, वावरात नेटवर्कपण भेटत नाही." वडील एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना लॉगची ती ओळ स्क्रीनवर दाखवली, वेळ दाखवली, पत्ता कुठला आहे ते सांगितलं. मग तेच प्राचार्य मॅडमना छापून दिलं.

रूटचं कोडं मात्र कर्नलपाशी सुटलं. मशीनवर उबंटू २०.०४ होतं, कर्नल ५.१३ च्या मालिकेतला. त्या वर्षी ७ मार्चला मॅक्स केलरमन या जर्मन प्रोग्रॅमरने ‘डर्टी पाइप’ हा दोष जाहीर केला होता. नोंद क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७. तो त्याच्या हाती कसा लागला त्याची हकिकत प्रत्येक सिस्टिम सांभाळणाऱ्याने वाचावी अशी आहे. त्याच्या होस्टिंग कंपनीच्या ग्राहकांच्या लॉग फाइली अधूनमधून खराब निघत. खराबी नेहमी शेवटच्या आठ बाइटमध्ये. दुसऱ्या कोणी ‘डिस्क खराब असेल’ म्हणून विषय सोडला असता. तो अनेक महिने त्या आठ बाइटच्या मागे राहिला आणि थेट कर्नलपर्यंत पोचला.

दोष असा. फाइल वाचताना कर्नल तिचं पान मेमरीत आणून ठेवतो. ते पान दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या पाइपला नुसतं दाखवता येतं, नक्कल करावी लागत नाही. पण पाइपच्या त्या खणावरची जुन्या कामाची एक खूण पुसायची राहून जात होती. त्यामुळे नंतर पाइपमध्ये लिहिलेला मजकूर नव्या जागेत न जाता त्या पानातच उतरत होता. तहसीलमध्ये फेरफाराची नोंदवही तुम्हाला फक्त पाहता यावी, आणि शेजारी ठेवलेल्या स्वतःच्या वहीत लिहिलेलं मात्र नोंदवहीत उमटावं, तसला हा प्रकार. ज्या फाइली फक्त वाचायची परवानगी आहे, त्यांचा मेमरीतला मजकूर कोणताही साधा वापरकर्ता बदलू शकत होता. रूटच्या अधिकारात चालणारा एखादा प्रोग्रॅम असा क्षणभर बदलला की काम फत्ते. ५.८ पासूनचे कर्नल यात सापडत होते. दुरुस्ती किती? दोन ठिकाणी एकेक ओळ. ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत ती फेब्रुवारीतच आली होती.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. ती दुरुस्ती त्या मशीनवर पोचलेली होती. आपोआप अपडेट चालू असल्यामुळे मार्चमध्येच नवा कर्नल उतरून बूट फोल्डरमध्ये बसला होता. मशीन मात्र जानेवारीपासून रिस्टार्टच झालं नव्हतं. इन्व्हर्टर चांगला, वीज गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही, याचं तिथे सगळ्यांना कौतुक. दर लॉगिनला स्क्रीनवर ‘सिस्टिम रिस्टार्ट रिक्वायर्ड’ असं झळकत होतं. औषध घरात होतं, पोटात गेलं नव्हतं.

इथे अनेकांची गल्लत होते. त्याच जानेवारीत, २५ तारखेला, क्वालिस या कंपनीने ‘प्वनकिट’ हा दोष जाहीर केला. पीकेएक्झेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो २००९ पासून होता आणि त्यातूनही साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होतं. त्याचं अपडेट बसलं की धोका तिथेच संपला, कारण तो प्रोग्रॅम दरवेळी नव्याने सुरू होतो. कर्नलचं तसं नाही. मेमरीत जुना कर्नल चालू आहे तोवर डिस्कवरचा नवा काही कामाचा नाही. तेव्हा ‘यूनेम’ला ‘आर’ हा पर्याय जोडून चालू कर्नलचा क्रमांक पाहा आणि तो बूट फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या कर्नलशी ताडून पाहा. जुळत नसेल तर त्याच संध्याकाळी रिस्टार्ट करा. लाइव्हपॅच ही सोय चालू मशीनच्या कर्नलला ठिगळ लावते, ती जरूर वापरा. पण तिच्या भरवशावर वर्षभर रिस्टार्ट टाळू नका.

‘हा स्थानिक दोष आहे, आधी लॉगिन लागतं, आपली पोरं कशाला असं करतील’ असं मला पतसंस्थांतही ऐकवलं जातं. आपली पोरं करत नाहीत, मान्य. पण एक कच्चा पासवर्ड किंवा वेबसाइटचं एखादं जुनं प्लगइन मिळालं की परका माणूस कर्नलच्या दृष्टीने आपल्याच पोरांपैकी एक होतो. ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून कर्नलमध्ये होता आणि २०१६ मध्ये फिल ओएस्टरला सापडला, तो वेब सर्व्हरवरच्या हल्ल्यातून. सर्व्हरकडे येणारा वेबचा सगळा प्रवाह तो जपून ठेवत असे, म्हणून हल्ल्याचं हत्यारच त्याच्या हाती आलं. पहिलं दार लहान असतं, दुसरं कर्नलचं. लहान दारं सगळी बंद होतीलच असं नाही, म्हणून दुसरं भक्कम हवं.

मशीनवर असा संशय आला की मात्र आधी रिस्टार्ट करू नका. डर्टी पाइपने केलेला बदल बहुधा डिस्कवर उतरतच नाही, तो मेमरीतल्या पानातच राहतो आणि मशीन बंद झालं की पुसला जातो. नेटची केबल काढा. चालू प्रोसेस, उघडे कनेक्शन, लॉगिनच्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर घ्या. जमत नसेल तर स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा. उबंटूत लॉगिनचे लॉग मुळात काही आठवडेच राहतात, नंतर आपोआप उडतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत आणि घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. शिवाय रूट झालेला माणूस त्याच मशीनवरचे लॉग पुसू शकतो, म्हणून त्यांची प्रत रोज दुसरीकडे जायला हवी. इथे जुने लॉग शिल्लक होते हे त्या मुलीचं नशीब, आणि कोणाची अब्रू अशी नशिबावर सोडणं मला पटत नाही.

पुरावा घेतला की डिस्क पुसून नव्याने बसवा. मोनेरो काढणारा प्रोग्रॅम हटवला, मशीन गार झालं, यावर समाधान मानू नका; रूट मिळालेल्याने आणखी काय ठेवलं असेल ते शोधून संपत नाही. मग एसएसएच पासवर्डवर नको, की-वर ठेवा, आणि बाहेरून यायचंच तर व्हीपीएनमधून. पास होऊन गेलेल्या मुलांची खाती बंद करा. टेम्प आणि होम यांना ‘नोसूइड’ लावा, म्हणजे तसली ‘एसएच’ फाइल निरुपयोगी होते. साध्या वापरकर्त्यांना यूजर नेमस्पेसची गरज नसेल तर ती सोय बंद करा. २०२४ मध्ये गाजलेला नेटफिल्टरमधला सीव्हीई-२०२४-१०८६ हा दोष त्याच वाटेने वापरला जात होता.

त्या सर्व्हरवर ऑफिसने महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेले जातीचे, उत्पन्नाचे दाखले आणि आधारच्या प्रतीही ठेवल्या होत्या. मोनेरोपेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटली. मुलांच्या सरावाचं मशीन आणि ऑफिसचं मशीन एक असता कामा नये. ज्यांचे कागद त्यावर होते त्या प्रत्येकाला कॉलेजने कळवावं, असा आग्रह मी धरला, आणि मॅडमनी तो मानला.

राहिला प्रश्न जुन्या मशीनचा. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, उबंटू २०.०४ चे नेहमीचे अपडेट मे २०२५ मध्ये, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा मशीनला कितीही वेळा रिस्टार्ट केलं तरी नव्या दोषावरची दुरुस्ती मिळत नाही. उबंटू प्रो घेतलं तर २०.०४ ला आणखी काही वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि वैयक्तिक वापराच्या पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे. संस्थेने मात्र नवी आवृत्तीच बसवावी. दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी असते. बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहून, त्या दिवसांत हे काम निवांत उरकता येतं.