गोल्फमधील उतरता झोका

गोल्फचा चेंडू जागच्या जागी निश्चल पडलेला असतो. क्रिकेटमधल्याप्रमाणे तो अंगावर येत नाही, की वळतही नाही. असे असूनही उजवखोऱ्या नवशिक्याच्या हातून तो बहुधा उजवीकडे भरकटतो, नाहीतर जमीनच खणली जाते. याचे मूळ पुष्कळदा काठी वरून खाली आणण्याच्या रीतीत सापडते.

काठी खांद्यामागे पूर्ण चढली, की नवशिक्याला घाई सुटते. तो खांद्यांच्या जोरावर ती पुढे लोटतो. त्यामुळे मनगटे तत्काळ उलगडतात आणि चेंडूपाशी पोहोचण्यापूर्वीच काठीचा वेग खर्ची पडतो. वस्तुतः आरंभ हातांनी करावयाचाच नसतो. अमेरिकन खेळाडू बेन होगन याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा आरंभ कमरेच्या वळण्याने होतो, असे आग्रहाने मांडले आहे. कंबर डावीकडे वळू लागली, की हात आपोआप खाली ओढले जातात. उजवे कोपर बरगडीजवळून यावे आणि डावा हात व काठी यांमधील जवळजवळ काटकोन शक्य तितका उशिरा मोडावा.

उशिरा का? आसूड ओढणाऱ्याची मूठ मंदावते तेव्हाच आसुडाचे टोक सुसाट सुटते, हे आपण पाहिले असेल. मनगट दुमडलेले असता काठीचा भार अंगाजवळ राहतो, म्हणून हात झपाट्याने फिरतात. पुढे काठी बाहेर फेकली जाते, हात मंदावतात आणि त्यांचा वेग काठीच्या माथ्याला मिळतो. कॉक्रन व स्टॉब्स यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात, एकमेकांस बिजागरीने जोडलेले दोन दांडे कल्पून हेच समजाविले आहे. काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. वेग त्याच क्षणी परमावधीस पोहोचावयास हवा. निव्वळ दंडाच्या बळाला येथे फारसे मोल नाही.

उतरता झोका जेमतेम पाव सेकंदात आटोपतो. तेवढ्यात विचार करणे अशक्य. म्हणून सराव संथच हवा. त्यासाठी वेताची छडी पुरे. (छडीचा हा उपयोग विद्यार्थ्यांस अधिक रुचेल!) छडी वर नेऊन सावकाश खाली आणा आणि डावा हात जमिनीला समांतर होताच थांबा. छडीचे मुठीकडील टोक चेंडूच्या रोखाने खाली वळलेले असावे. असे काही वेळा केल्यावर छडी वेगाने फिरवून कान द्या. सपकारा उजव्या कानाजवळ उमटला, तर मनगटे लवकर सुटली. तो चेंडूच्या जागेपाशी, किंबहुना किंचित पुढे, ऐकू यावयास हवा.