शहरातील शेजार : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

शहर म्हणजे अफाट गर्दी आणि धावती वाहने, अशी खेड्यातील मुलांची सामान्यतः कल्पना असते. ती पुरी खरी नाही. शहर कितीही विस्तारले, तरी तेथील माणसाचे पुष्कळसे व्यवहार घराभोवतीच्या चार-दोन गल्ल्यांतच होतात. दूध, किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, शाळा ही त्याला पायी जाता येईल अशा अंतरावर लागतात.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुलांना हे समजावण्यास मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण उत्तम. कारण या भागातील पुष्कळ माणसे पोटासाठी तेथे गेली. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे प्राणार्पण करणारे हुतात्मा बाबू गेनू हे म्हाळुंगे पडवळचे. तेही मुंबईत गिरणी-कामगार होते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्या वाढल्या व त्यांच्या भोवती चाळी उभ्या राहिल्या. भोंगा होताच कामावर हजर व्हावे लागे आणि तुटपुंज्या पगारात रोजचे गाडीभाडे परवडत नसे. म्हणून कामगार गिरणीजवळच राहत. एकटे आलेले कामगार एका खोलीत दाटीने राहत आणि शेजारच्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीने जेवत. वाणी पगाराच्या दिवसापर्यंत उधार देई. नवख्यास निवारा व काम गाववाल्यांच्या ओळखीने मिळे. असा शेजार हाच गरिबाची पेढी होता.

परंतु या आधारास मर्यादा होती. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना धान्यासाठी जबर व्याजाने कर्ज काढावे लागे. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. पगार थांबताच खाणावळ व वाणी यांचेही उत्पन्न आटले. एक दुवा तुटला की सारी साखळी कशी ढिली होते, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

अमेरिकेतील क्लेरन्स पेरी यांनी १९२९ साली वस्तीच्या रचनेचा आराखडा मांडला. वस्तीच्या मध्यभागी शाळा असावी आणि हमरस्ता न ओलांडता मुलाला तेथे पायी जाता यावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. आपल्या शाळेच्या वाटेशी मुलांनी त्याची तुलना करावी.

उपक्रम : प्रत्येक मुलाने आदल्या दिवशी घरच्या कामासाठी कोठे जावे लागले, ते लिहावे, अंतर पावलांनी मोजावे व साधा नकाशा काढावा. सुट्टीत गावी येणाऱ्या मुंबईकर नातलगास हेच प्रश्न विचारून दुसरा नकाशा तयार करावा. मात्र कोणाच्या घरची उधारी वर्गात विचारू नये. त्याने मूल खजील होते.

शेवटी एकच प्रश्न द्यावा : यांपैकी एक दुकान उद्या बंद पडले, तर सर्वांत अधिक अडचण कोणाची होईल? जे मूल घरातील म्हाताऱ्या माणसाचे किंवा हातावर पोट असणाऱ्या शेजाऱ्याचे नाव घेईल, त्याला पाठ समजला असे मानावे.