घरातील कणगी आणि शेजाऱ्याचा वाटा

पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये मिसरच्या बादशहाचे स्वप्न आले आहे. सात पुष्ट गायींना सात रोड गायी खाऊन टाकतात; सात कणसे हिरवी दिसतात, तर उरलेली वाळलेली. कारागृहात असलेल्या हजरत यूसुफ (अ.) यांनी या स्वप्नाचा अर्थ सांगितला: सात वर्षे सुकाळाची आणि त्यानंतर सात वर्षे दुष्काळाची. परंतु अर्थ सांगून ते थांबले नाहीत. सुकाळात सतत पेरणी करा, खाण्यापुरते धान्य काढून बाकीचे कणसातच राहू द्या आणि त्यातील थोडे शेवटपर्यंत जपा, असा उपायही त्यांनी सांगितला (१२:४७-४८). पुढे काय घडणार याचे ज्ञान अल्लाहने ज्यांना दिले होते, त्या प्रेषितांनी लोकांना हातावर हात ठेवून बसण्यास सांगितले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेल्या माणसांच्या आठवणी अनेक घरांत अजून सांगितल्या जातात. त्या दुष्काळाची चाहूल आधी लागली होती. २४ मार्च २०२० च्या रात्री मात्र काही तासांच्या सूचनेवर सारा देश बंद झाला. ज्यांचे घर रोजच्या कमाईवर चालत होते, त्यांच्या डब्यात किती दिवसांचे पीठ आहे, हे दुसऱ्याच सकाळी उघड झाले.

तयारी आणि तवक्कुल

काहींच्या मनात शंका येते की, साठवण करणे म्हणजे अल्लाहवरील विश्वास कमी असणे तर नव्हे? पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जीवनात याचे स्पष्ट उत्तर आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवावा की बांधून, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले (तिर्मिजी). बनू नजीरच्या खजुरांतून आपल्या कुटुंबाची वर्षभराची बेगमी ते बाजूला ठेवीत, असे हजरत उमर (र.) यांच्या कथनात आहे (बुखारी).

हिजरतचा प्रसंग पाहा. वाट जाणणारा वाटाड्या ठरला होता, सौर गुहेत तीन रात्री थांबण्याचे निश्चित होते, मक्केतील बातमी रोज पोहोचत होती, शिदोरी बांधून दिलेली होती. लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले होते. एवढी तजवीज केल्यानंतर शत्रू गुहेच्या तोंडाशी आला, तेव्हा सोबत्याला धीर देताना आधार घेतला तो केवळ अल्लाहचा. तयारी आणि तवक्कुल एकाच गुहेत एकत्र होते.

मोजमाप हीच सुरुवात

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने याचा व्यवहारी धडा दिला आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या दुष्काळी गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे हे मोजायचे; माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी राखायचे; उरलेल्या पाण्यावर पिके ठरवायची. जे गावाला साधले, ते घराला का साधू नये?

एखाद्या जुम्माच्या संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र बसून असाच ताळेबंद मांडावा. हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नये.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज किमान चार लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी साठ लिटर झाकलेले पाणी हवे. ज्वारी, तांदूळ, डाळ, गूळ, तेल, मीठ दर महिन्याला थोडे जास्त घ्यावे आणि जुने आधी वापरावे. मधुमेह व रक्तदाबाची औषधे संपण्याच्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी आणावीत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबावरचे पाणी घरातील मोठ्या मुलांनाही करता आले पाहिजे. शिधापत्रिका, आधार, सातबारा, निकाहनामा, बँकेचे पुस्तक एकाच जलरोधक पिशवीत असावे आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवाव्यात. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. रात्री दिवे विझवण्याची आणि भांडी झाकण्याची पैगंबरांची (स.) शिकवण आपण गॅसचे बटण बंद करताना आठवावी. देणे-घेणे व वसीयत लिहून ठेवणे हाही याच तयारीचा भाग आहे.

बेगमी आणि साठेबाजी

येथे एक सीमा आहे. भाव वाढावेत म्हणून लोकांच्या गरजेची वस्तू अडवून ठेवणारा गुन्हेगार आहे, असे पैगंबरांनी (स.) सांगितले (मुस्लिम). कुटुंबाची बेगमी वेगळी आणि साठेबाजी वेगळी. परंतु संकट दाराशी आल्यावर दुकान रिकामे करणारा ग्राहकही शेजाऱ्याच्या मुलाचे दूध उचलून नेत असतो. म्हणून साठवण सुकाळात करावी. टंचाईत करायचे ते वाटप.

अशअरी लोकांची शिधा कमी पडली की ते सगळ्यांकडचे धान्य एका कापडात जमा करीत आणि सारखे वाटून घेत. पैगंबरांनी (स.) त्यांची प्रशंसा करून त्यांना आपले म्हटले (बुखारी, मुस्लिम). हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम विचारले की, यहुदी शेजाऱ्याला वाटा दिला का? शेजाऱ्याच्या हक्कात धर्माची अट नाही.

अफवेचा दिवस

कधी संकट आभाळातून येत नाही, मोबाईलवरून येते. गावात तणाव असतो, बाजार बंद होतो आणि एखादी चित्रफीत हातोहात फिरू लागते. अशा वेळी सूरह हुजुरातची आज्ञा (४९:६) घरात लागू करावी: खातरजमा झाल्याशिवाय एकही संदेश पुढे जाणार नाही. तरुण मुलांना हे त्या दिवशी सांगून उपयोग नाही, आज सांगावे. अशा रात्री रुग्णाला नेण्यासाठी सर्वांत आधी मदतीस येतो तो शेजारी. ज्याच्या घरी ईदचा शीरखुर्मा गेला आहे आणि ज्याच्या दिवाळीचा फराळ आपल्या घरी आला आहे, त्याचे दार ठोठावताना संकोच होत नाही. ही ओळख कणगीतील धान्याइतकीच मोलाची साठवण आहे आणि तीही सुकाळातच भरावी लागते.

या आठवड्यात प्रत्येक घराने दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. आपले घर किती दिवस तग धरेल? आणि आपल्या गल्लीत एकटे राहणारे, आजारी किंवा रोजंदारीवर जगणारे कोण आहे, ज्याचा वाटा आपल्या कणगीत धरायला हवा? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर पहिल्याचे उत्तर कितीही मोठे असले तरी तयारी अपुरीच आहे.

अल्लाह आपल्याला दूरदृष्टी, संयम आणि वाटून खाण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.