छायाचित्रातील सदोष स्थाननोंद : ती कशी दाखवावी व कशी ओळखावी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी आपल्या मोबाईलवरून उभ्या पिकाचे छायाचित्र घेऊन पिकाची नोंद करू लागला. अशा छायाचित्रात पीक तर दिसतेच. परंतु ते कोणत्या जागी घेतले, हेही अक्षांश व रेखांश यांच्या रूपाने साठविता येते. ही नोंद बिघडली म्हणजे पीक खरे असूनही जागा खोटी ठरते, आणि निर्दोष शेतकऱ्यावर संशय येतो. म्हणून या विषयाची ओळख प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

नोंद कशी बिघडते?

अक्षांश ९० अंशांपेक्षा व रेखांश १८० अंशांपेक्षा अधिक असूच शकत नाही. त्यापलीकडचा आकडा अवैध होय. छायाचित्राच्या फाईलीत अंश, मिनिटे व सेकंद अपूर्णांकांत लिहिलेले असतात. छेदस्थानी शून्य पडल्यास त्या आकड्यास अर्थ उरत नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. यात आकडे मर्यादेत असतात, पण जागा चुकते. उपग्रहांचे संकेत न मिळाल्यास काही उपकरणे दोन्ही ठिकाणी शून्य लिहितात. हे स्थान आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. अहिल्यानगर सुमारे १९ अंश उत्तर व ७४.७ अंश पूर्व येथे आहे. हे आकडे उलटसुलट झाल्यास तेथील ज्वारीचे शेत नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेंट्स समुद्रात दिसेल. ‘पूर्व’ऐवजी ‘पश्चिम’ पडल्यास हैतीजवळच्या कॅरिबियन समुद्रात.

प्रणालीने काय दाखवावे?

१. अवैध नोंदीची खूण नकाशावर उमटवू नये. ९५ अंशांचे ९० करून जवळचे स्थान दाखविणे, ही तर दिशाभूलच होय.

२. ‘नोंद नाही’, ‘नोंद अवैध’ व ‘नोंद संशयास्पद’ हे तीन निरनिराळे शेरे असावेत. दोन्ही शून्यांची नोंद तिसऱ्या वर्गात घालावी.

३. फाईलीतील मूळ आकडा जसाच्या तसा दाखवावा व दोषाचे कारण सोप्या मराठीत द्यावे.

४. नोंद सदोष असली तरी छायाचित्र लपवू नये. अशी छायाचित्रे तपासणीसाठी एकत्र काढता यावीत.

५. दुरुस्तीची सोय असावी. मात्र मूळ नोंद पुसली जाऊ नये. दुरुस्ती कोणी व केव्हा केली, हेही कळावे.

शेतात घ्यावयाची काळजी

मोबाईलमधील स्थानसेवा चालू करून उघड्या आकाशाखाली थोडा वेळ थांबावे व मगच छायाचित्र घ्यावे. बांध सोडण्यापूर्वी आकडे पाहावेत. महाराष्ट्रातील जागेचा अक्षांश साधारणपणे १५.५ ते २२ अंश उत्तर आणि रेखांश ७२.५ ते ८१ अंश पूर्व या दरम्यान असतो. आकडे या पट्ट्याबाहेरचे दिसल्यास तेथेच दुसरे छायाचित्र घ्यावे. संदेशातून पाठविलेल्या प्रतीतील स्थाननोंद पुष्कळदा गळून पडते. म्हणून मूळ छायाचित्र जपून ठेवावे.

सदोष नोंद म्हणजे लबाडीचा पुरावा नव्हे. दोष स्पष्ट दिसला तर तो वेळीच सुधारता येतो. झाकला गेला तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्यासच बसतो, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावे.