‘आम्ही’ आणि ‘आपण’



आपल्या वर्गातल्या एका मुलीने परवा आजीला सांगितले, “आजी, संध्याकाळी आम्ही सराफ्यात जाणार आहोत. तुझ्या पाटल्या उजळायला द्यायच्या आहेत.” आजी म्हणाल्या, “बरं, सांभाळून न्या.” सहा वाजता सगळे निघाले, तर आजी घरच्याच लुगड्यात! “अगं आजी, तू तयार नाहीस?” “तूच म्हणालीस ना, आम्ही जाणार म्हणून? मला वाटलं, पाटल्या माझ्या आणि मीच नको.” दुपारभर आजी खट्टू होत्या आणि नातीला त्याचा पत्ताच नव्हता.

‘आम्ही’ म्हणजे बोलणारा आणि त्याच्या बरोबरचे, पण ज्याच्याशी बोलतो तो सोडून. ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही त्यात आला. हिंदीत दोन्हींना ‘हम’. मुलीच्या मनात ‘हम’ आले, तिने त्याचे ‘आम्ही’ केले आणि आजी बाहेर राहिल्या.

असा भेद गुजरातीत आहे (‘अमे’ आणि ‘आपणे’), तेलुगूतही आहे (‘मेमु’ आणि ‘मनमु’). इंग्रजीत मात्र एकच ‘वुई’. आणि गंमत म्हणजे, हिंदीच्या क्रमिक पुस्तकात नसलेला एक शब्द आपल्या मध्यप्रदेशात सर्रास ऐकू येतो: “चलो, अपन चलते हैं।” त्यात समोरचाही धरलेला असतो. अडलात तर मनात विचारा, इथे मित्राला ‘अपन’ म्हटले असते का? म्हटले असते, तर मराठीत ‘आपण’.

दुसरा घोटाळा ‘आप’चा. पाहुण्यांना आदराने आपण म्हणतात, “आपण बसा.” सगळ्यांनी मिळून बसायचे असेल तर, “आपण बसू.” शब्द तोच, अर्थ क्रियापदावरून कळतो.

पालकांसाठी दोन शब्द. घरात हिंदी नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली, तिचेच हे लष्कर. तेव्हापासून आपली घरे दोन भाषांतच नांदत आली. ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी व समीक्षक. मात्र मूल ‘आम्ही’ चुकले की चारचौघांत हसू नये. बरोबर वाक्य आपणच सहज पुन्हा म्हणावे. हसण्याला भिऊन मूल मराठीत विचारलेल्याचे उत्तर हिंदीत देऊ लागते, आणि मग आजीशी बोलणेच कमी होते.

घरी करा. रिकाम्या जागी ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ लिहा:

१) (भावाला) चल, ____ बाड्यावर फिरून येऊ.
२) (आईला) आई, आज वर्गात ____ नाटक बसवले.
३) (पाहुण्यांना) ____ आत या.
४) (शेजारच्या काकूंना) काकू, उद्या ____ पुण्याला जाणार आहोत, तुळशीला पाणी घालाल का?

चौथे चुकलात तर काकू सामान बांधून दारात उभ्या राहतील! उत्तरे आजी-आजोबांकडून तपासून आणा.